मधल्या ओळीच्या पुढे

१

माझ्या धंद्यात तीनच औषधं आहेत. बंद करून चालू करा. नाही जमलं तर काढून पुन्हा घाला. तेही नाही जमलं तर पुसून कोरं करा. काशानच्या बाजारात बावीस वर्षं मी या तीन औषधांवर संसार चालवतोय. गिऱ्हाईक मात्र जगावेगळा रोग घेऊन आल्यासारखा चेहरा करून दुकानात शिरतं.

गेले काही महिने शनिवारी दुकान उघडलं की पहिला फोन माझ्या थोरल्या बहिणीचा, तूरानचा.

“हूशंग, ते परत अडकलंय.”

“बंद करून चालू केलंस?”

“केलं. तुझं आपलं एकच तुणतुणं.”

ते म्हणजे गालिच्याच्या नकाशाचा प्रोग्राम. चौकटी आखलेला कागद, एक चौकट म्हणजे एक गाठ. आमच्या आईच्या काळी हे हाताने रंगवत. तूरानचा मुलगा सियामक कॉम्प्युटरवर काढायचा. रोज सकाळी त्या दिवसाच्या ओळींची एक पट्टी छापायचा आणि तळघरात जाऊन तूरानच्या मागावर टाचून यायचा. अकरा महिन्यांपूर्वी नतंझच्या रस्त्यावर त्याच्या मोटरसायकलला ट्रकने उडवलं. सव्वीस वर्षांचा होता. त्याला कबरीत उतरवणाऱ्या दोघांत मी एक होतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढे कुणाला शंका नको. मलाही नको.

त्याचा चाळिसावा दिवस झाला त्या दिवशी तूरान तळघरात उतरली ती जवळजवळ तिथलीच झाली. एकटी बाई, मोठं घर. मी आणि माझी बायको फरंगीस, दोघांनी हातापाया पडून सांगितलं, आबजी, ताई, आमच्याकडे चल. ती म्हणाली, “त्याचा गालिचा संपला की येते. अर्धा टाकून नाही येणार.” म्हणून मी तो प्रोग्राम दुरुस्त करत होतो. गालिचा लवकर संपावा आणि माझी बहीण मागासमोरच्या त्या बसायच्या पाटीवरून उठावी, एवढंच मला हवं होतं. दुसरं काहीही नाही.

२

त्या शनिवारी गेलो तेव्हा दार उघडंच होतं. तळघरातून पंज्याचे ठोके येत होते. एक ओळ गाठी झाल्या की विणकर लोखंडी पंज्याने ती खाली ठोकतो. ठक्, ठक्, ठक्. मग बराच वेळ काही नाही. आम्ही भावंडं हा आवाज ऐकत वाढलो.

कॉम्प्युटर वर, सियामकच्या खोलीत. त्यावर तूरानने क्रोशाचा रुमाल घातला होता, जणू त्याला थंडी वाजेल. प्रोग्राम उघडायला गेलो. पडद्यावर चौकोन आला: हा नकाशा आधीच उघडलेला आहे. वापरणारा, सियामक.

पहिल्यांदा हे वाचलं होतं तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं. आता सवय झाली होती. कॉम्प्युटर त्याच्या नावाने चालतो, म्हणजे जो कोणी बसेल तो सियामकच. प्रोग्राम नीट बंद झाला नाही की त्याचं भूत मागे चालत राहतं, आमच्या धंद्यात असंच म्हणतात. चालू असलेल्यांची यादी काढायची, त्यात तो शोधायचा, मारायचा. शिवाय नकाशाच्या शेजारी एक छोटी फाइल पडलेली असते, आत कोणीतरी आहे हे सांगणारी. तीही काढून टाकायची. मी दोन्ही केलं. त्या छोट्या फाइलवर वेळ होती आज सकाळी सातची.

खाली जाऊन विचारलं, “आबजी, सकाळी सातला तू वर आली होतीस?”

“मी कशाला येऊ? गुडघे धरलेत माझे. पट्टी आणायला नऊनंतर एकदा चढते तेवढंच. जिना म्हणजे डोंगर झालाय.”

“मग कोणी चालू केला?”

“चालूच असतो,” ती मान न वळवता म्हणाली. “समोवारमध्ये चहा आहे, घे. आणि त्या खडीसाखरेच्या काड्या फरंगीससाठी ने. ती एक गोड असली तर जरा बरं होईल तुझं.”

थट्टा करण्याइतकी ती शुद्धीवर होती. तेवढ्यावर मी खूश झालो. तिची मनगटं किती बारीक झाली होती ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

३

पुढच्या शनिवारी चहाचा पेला ठेवायला जागा शोधताना माझी नजर मागावरच्या पट्टीवर गेली. इतक्या महिन्यांत मी ती कधी नीट बघितलीच नव्हती. वरच्या कोपऱ्यात ओळीचा नंबर होता. दोन हजार साठ.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे अख्खा नकाशा कोणी काढत नाही. चौथाई काढतात. मधोमध मोठं फूल, चार कोपऱ्यांत चार तुकडे, सगळं आरशातल्यासारखं. चौथाई उजवीकडून डावीकडे पलटली की खालचा अर्धा तयार. विणकर त्याच पट्ट्या मध्यापर्यंत चढत जातो आणि मग उलट्या क्रमाने उतरतो. सियामकच्या नकाशाचा मध्य होता अकराशेवी ओळ. म्हणजे अकराशेनंतर एक हजार नव्व्याण्णव, मग अठ्ठ्याण्णव. दोन हजार साठ असा नंबर काशानमध्ये कुठल्याच पट्टीवर नसतो.

“आबजी, ही पट्टी कुठली?”

“आजची.”

“मध्य कधीच झाला. इथून नकाशा उलटा वाचायला हवा ना? आईने मला आठव्या वर्षी शिकवलंय. तुला मी शिकवायचं?”

“नाही वळला,” तूरान म्हणाली. सुरीने लोकरीचं टोक कापलं. “मीही थांबले होते तिथे. म्हटलं, आता परत फिरायचं. पण सकाळी प्रिंटरमधून पुढची पट्टी आली. त्याने काढलंय तर मी विणते. मला कुठे परत फिरायचंय?”

विणलेला भाग खालच्या तुळईला गुंडाळून मागे जातो. पुढे दिसतं ते जेमतेम दोन वितीचं. त्या दोन वितींत मी फूल शोधलं, पान शोधलं, वेल शोधली. रंग होते, डाळिंबी, गडद निळा, सायीसारखा. आकार मात्र एकही नव्हता. आणि तरी ते वेडंवाकडं नव्हतं. नीट बघितलं की वाटायचं, आता कळेल. मग डोळे दुखायला लागायचे.

४

मी नकाशाची फाइल उचलून दुकानात आणली आणि माझ्या कॉम्प्युटरवर उघडली. एका क्षणात उघडली, कुठे अडकली नाही, कुरकुरली नाही. सुरेख चौथाई. अकराशे ओळी. त्यापुढे काही नाही. शेवटचा बदल सियामक गेला त्याच्या आदल्या दिवशीचा.

मग पट्ट्या कुठून येत होत्या? डोकं चालवलं. प्रिंटरच्या रांगेत जुनी कामं तुंबतात आणि एकेक करून बाहेर पडतात, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. पोराने दुसऱ्या एखाद्या नकाशाची कामं टाकून ठेवली असतील. अकरा महिने पुरतील इतकी? असतील. मी स्वतःशी असंच म्हणालो, मोठ्याने.

रात्री जेवताना फरंगीसला सांगितलं. तिने भाताचा चमचा खाली ठेवला.

“तू तिला कॉम्प्युटर समजतोस का रे?”

“कोणाला?”

“तुझ्या बहिणीला. दर शनिवारी जातोस, काहीतरी दाबतोस, परत येतोस. पोर गेलंय तिचं. ती रडलीये का एकदा तरी? तू रडू दिलंस का?”

“गालिचा संपला की येणार आहे ती.”

“नकाशा संपत नसेल तर गालिचा कसा संपेल, शहाण्या?”

हे मात्र तिने बरोबर पकडलं. दुसऱ्या दिवशी मी गेलो आणि म्हणालो, “आबजी, मशीनच नेतो. दुकानात नीट बघतो.” मला वाटलं, ओरडेल, आडवी येईल. ती म्हणाली, “ने की. त्याला काय फरक पडतोय.” वायरी काढताना मी रुमालाची घडी केली. प्रिंटर तिथेच ठेवला, रिकामा, बंद.

५

सोमवार सकाळ. दुकानात उन्हं आलेली, समोरच्या गुलाबपाणीवाल्याचा रेडिओ चालू. मी मशीन टेबलावर ठेवून फक्त वीज आणि पडदा जोडला. इंटरनेटची तार नाही, कळफलक नाही, माउससुद्धा नाही. बटण दाबलं.

प्रोग्राम आपोआप उघडला. वर पाटी आली, प्रतिसाद देत नाही. खिडकी पांढुरकी झाली, अडकलेल्या प्रोग्रामची होते तशी. मी यादीत जाऊन त्याला मारायला माउस जोडणार, इतक्यात एक चौकट डाळिंबी झाली.

मग तिच्या शेजारची. मग थांबून पुढची, निळी.

अडकलेला प्रोग्राम रंग भरत नाही. अडकलेला म्हणजे अडकलेला, हे मी देवाच्या शपथेवर सांगू शकतो. चौकटी भरत होत्या. मशीनला असतो तसला वेग नव्हता, कुणीतरी हाताने भरावं तसा होता. ओळीचा नंबर दोन हजार चौऱ्याण्णव.

मी तूरानला फोन लावला. पट्ट्या बंद झाल्यात तेव्हा ती वर उन्हात बसली असेल, अशी मला आशा होती.

“काय करतेस?”

“काय करणार? विणतेय.”

“पट्टी कुठाय?”

“पट्टी कशाला? तो वाचतोय की.”

आईला मी लहानपणी रंग वाचून दाखवायचो. दोन डाळिंबी, एक निळा, तीन साय. काशानात घरोघरी कोणीतरी वाचतं आणि कोणीतरी विणतं. तूरानने फोन पाटीवर ठेवला असावा. तिच्या बांगड्या ऐकू आल्या, सुरीचं चर्र ऐकू आलं. वाचणारा ऐकू आला नाही. पण प्रत्येक चर्रच्या आधी एक थांबा होता, एका शब्दाएवढा.

मी पडद्याकडे बघत फोन कानाला लावून बसलो. चौकट भरायची. थांबा. मग फोनमध्ये चर्र. पुन्हा चौकट, थांबा, चर्र. पडदा आधी, ती नंतर. ओळ पूर्ण झाली आणि तीन किलोमीटरवरच्या तळघरातून ठोके आले. ठक्, ठक्, ठक्.

मी भिंतीतून वायर उपटली. पडदा काळा झाला. फोनमध्ये चर्र चालूच राहिलं.

६

रिक्षा केली, धावत जिना उतरलो. सकाळचे अकरा वाजले असतील. तळघराच्या झरोक्यातून उजेडाची पट्टी मागावर पडली होती. तूरान पाठमोरी बसली होती, खांदे शांत. तिने मला ओळखलं ते पावलांवरून.

“चपला काढ, लोकर पडलीय.”

मी तिच्या बाजूला उभा राहिलो. मागाच्या वरच्या भागात नुसता ताणा असतो, शेकडो उभे दोरे, एकाला एक लागून. त्याच्या मागे वीतभर जागा आणि मग चुन्याची भिंत. तिथे माणूस मावत नाही. मांजर मावेल फार तर.

गाठ घालताना लोकर दोऱ्यामागून फिरवून पुढे ओढायची असते. तिने लोकर दोऱ्याला लावली आणि हात खाली घेतला. लोकर स्वतःहून आत गेली आणि शेजारच्या फटीतून पुढे आली.

तिला पुढे ढकलणारी दोन बोटं मला दिसली. टोकंच. नखांखाली माती होती.

वर दिव्याची वायर लोंबत होती, तिची सावली असेल. मी धावत आलो होतो, डोळ्यांपुढे ठिपके नाचत असतील. असेल. मी त्याला कबरीत ठेवलं तेव्हा त्याचे हात कफनात गुंडाळलेले होते, मी स्वतः नीट केले होते.

“बघू नकोस रे,” तूरान हळूच म्हणाली. “तुझ्यासमोर लाजतो तो.”

मी ताण्याकडे हात केला. कोरा ताणा फारच थोडा उरला होता, एक वीत, बहुतेक त्याहून कमी.

“हा संपल्यावर काय, आबजी?”

“मग मी पलीकडे जाईन,” ती म्हणाली. शेजारच्या खोलीत जायचं असावं तसं म्हणाली. “तू काळजी करू नकोस. जेवलास का?”

मी तिला दंड धरून ओढलं. किती हलकी झाली होती. पण पाटीवरून ती तसूभर हलली नाही. समोरून कोणीतरी धरून ठेवावं तशी.

७

दुकानात परतलो तेव्हा दुपारची अजान झाली होती. मशीन पुन्हा जोडलं. चौकटी भरतच होत्या. नंबर दोन हजार एकशे बारा. मी नसताना, विजेवाचून, तो अठरा ओळी पुढे गेला होता.

तिसरं औषध उरलं होतं, पुसून कोरं करायचं.

मी घाईत काही केलं नाही, हे लिहून ठेवतो. आधी विचार केला. या डिस्कवर सियामकचं काय होतं? फोटो घरात अल्बमात होते. नकाशा माझ्याकडे होता, पूर्ण चौथाई, अकराशे ओळी. चौथाई हाताशी असली की अख्खा गालिचा हाताशी असतो, हे आमच्या शहरात पोराबाळांना माहीत असतं. मध्याच्या पुढे नवीन काही नसतंच, असतं ते आधीचंच उलटं. तेव्हा अकराशेच्या पुढचं जे काही होतं ते माझ्या हिशेबी फालतू होतं. ते गेल्याने कोणाचं काय जाणार होतं?

या हिशेबाने मी बटण दाबलं. तूरानला फोन लावून तो टेबलावर ठेवला. पडद्यावर टक्के सरकायला लागले. दहा, बारा. फोनमध्ये चर्र, चर्र, ठक्. चाळीसला ठोके मंद झाले. सत्तरला तूरान काहीतरी बोलली, माझ्याशी नाही. “काय? कुठला रंग? मोठ्याने वाच ना, सोन्या.” मी दोन्ही कानांवर हात ठेवले. थांबवलं नाही. नव्वदला ती रडायला लागली, अकरा महिन्यांत पहिल्यांदा. हुंदके देऊन विचारत होती, “कुठला रंग? कुठला?”

शंभर.

फोनमध्ये काहीच नव्हतं. मग तिचा आवाज आला, झोपेतून उठल्यासारखा.

“हूशंग? अरे, मी इथे खाली काय करतेय? केवढी थंडी आहे.”

मी टेबलावर डोकं ठेवून रडलो. आनंदाने रडलो, खोटं कशाला सांगू? त्याच संध्याकाळी मी तिला घरी आणलं. तिने दोन ताटं भात खाल्ला आणि फरंगीसला म्हणाली, “मीठ कमी आहे. पण तुझ्याकडून एवढंही खूप झालं.” फरंगीस हसली आणि मोरीत जाऊन डोळे पुसून आली.

८

तीन आठवडे ती आमच्याकडे आहे. गाल भरलेत. सकाळी फरंगीसबरोबर भाजी निवडते, शेजारणींची टिंगल करते, रात्री शांत झोपते. सियामकचं नाव काढत नाही. फरंगीस म्हणाली, खपली धरतेय, तू टोकरू नकोस. मी टोकरलं नाही. मला तेच हवं होतं ना.

एकदा सहज म्हणून तिला माझ्या पडद्यावर ती चौथाई दाखवली. तिने चष्मा लावून बारकाईने पाहिली.

“हात चांगला आहे. कोणाचा नकाशा?”

मला वाटलं, थट्टा करतेय. तिच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. “एका ओळखीच्याचा,” मी म्हणालो. त्या रात्री मी सगळी यंत्रं लावून पुसलेल्या डिस्कमधून काही परत मिळतं का ते बघितलं. पुसलेलंही बहुतेक वेळा मिळतं, माझा अर्धा धंदा त्यावर आहे. एक अक्षर मिळालं नाही. रोज बघतो. आजही बघितलं.

काल गुरुवार. आम्ही सगळे मृतांच्या भेटीला कबरस्तानात गेलो, जातो तसे. आई-बाबांच्या कबरी धुतल्या, गुलाबपाणी शिंपडलं. तूरान खजुराची थाळी घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला वाटत होती. वाटत वाटत ती नवीन रांगेकडे गेली आणि एका काळ्या दगडापाशी थांबली. दगडावर चेहरा कोरलेला आहे. तो फोटो मीच निवडून दिला होता.

मी मागे जाऊन उभा राहिलो. फरंगीसने माझी बाही घट्ट धरली.

“किती कोवळं पोर,” तूरान म्हणाली. वाकून तिने दगडावरची धूळ तळहाताने पुसली. “सव्वीस म्हणजे काय वय आहे? आणि डोळे बघ रे. थेट आपल्या आईचे.”

“हो,” मी म्हणालो.

“याची आई असेल का जिवंत?”

मी तिच्या हातातली थाळी घेतली.

“असली तर कशी जगत असेल बिचारी,” ती म्हणाली. दोन बोटं दगडावर टेकवली, मृतांसाठी प्रार्थना म्हणताना टेकवतात तशी, आणि डोळे मिटले. “ये इकडे. फातिहा म्हणू. याच्यासाठी एक, आणि तिच्यासाठी एक.”

मी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि दोन्ही म्हटल्या.